प्राणिसंग्रहालयातील कोणत्या पर्यावरणपूरक पद्धती घरी खरोखर उपयोगी पडतात?

लोकवर्गणीवर चालणाऱ्या छोट्या प्राणिसंग्रहालयातील कोणत्या पर्यावरणपूरक पद्धती घरी आणता येतील, असे आपण विचारले आहे. मी अशाच एका ठिकाणी स्वयंसेवक म्हणून खताचे काम पाहतो. त्यामुळे या उत्तरात खताला थोडे झुकते माप मिळाले आहे.

सौरपट्ट्यांचे फलक प्रवेशद्वारापाशी असतात. परंतु माझ्या मते अशा संस्थेची खरी परीक्षा मागच्या अंगाला, लीद आणि उरलेला चारा जिथे जातो तिथे होते. हरणांच्या लेंड्या व घोड्यांची लीद यांत नत्र (नायट्रोजन) असते, तर वाळलेल्या गवतात आणि पालापाचोळ्यात कर्ब (कार्बन). कर्ब व नत्र यांचे प्रमाण साधारण २५ ते ३० ला १ राखले आणि ढीग किमान घनमीटरभर असला, तर त्याचा गाभा ५५ ते ६५ अंश सेल्सियसपर्यंत तापतो, आणि ही उष्णता काही दिवस टिकली व ढीग अधूनमधून उलथला, तर बहुतेक रोगजंतू आणि तणांचे बी मरते. घरातली खताची बादली इतकी तापत नाही, हा फरक सहसा कोणी सांगत नाही. म्हणून घरी ओल्या कचऱ्याच्या दुप्पट-तिप्पट सुका पाला घालावा, बी धरलेले तण टाकू नये आणि कुत्र्यामांजरांची विष्ठा तर मुळीच नको, कारण मांजरांच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा हा रोगकारक परजीवी पसरू शकतो. मांसाहारी प्राण्यांची विष्ठा आम्हीही याच कारणाने वेगळी काढतो.

प्राणिसंग्रहालयातून किंवा तबेल्यातून खत आणणार असाल, तर आणखी एक खबरदारी घ्यावी. अमिनोपायरॅलिडसारखे तणनाशक फवारलेले गवत जनावराने खाल्ले, तर ते पोटातून आणि खताच्या ढिगातूनही बरेचसे तसेच बाहेर पडते. अशा खतात टोमॅटो किंवा घेवड्याची नवी पाने आक्रसून पेल्यासारखी वळतात. खत वाफ्यात पसरण्यापूर्वी एका कुंडीत मातीबरोबर मिसळून त्यात घेवड्याचे चार दाणे लावावेत आणि दोन-तीन आठवडे पाने पाहावीत.

पाण्याच्या बाबतीत सर्वांत सोपी सवय म्हणजे पिंजऱ्याची जमीन आधी कोरडी खरवडून, झाडून घ्यायची आणि मगच नळी लावायची. घरी खरकटी भांडी आणि अंगण यांना हाच क्रम लागू पडतो. बदकांच्या हौदातले पाणी आम्ही झाडांना देतो. गोड्या पाण्याच्या मत्स्यपेटीतले पाणीही कुंड्यांना चालते, मात्र त्यात औषध घातलेले नसावे.

काही प्राणिसंग्रहालये जुने मोबाइल गोळा करतात, कारण त्यांतील टँटलम हा धातू ज्या कोल्टन नावाच्या खनिजापासून मिळतो, त्याच्या काही खाणी काँगोमध्ये गोरिलांच्या अधिवासात आहेत. तरीही जुना मोबाइल पेटीत टाकण्यापेक्षा त्याची बॅटरी बदलून तो आणखी काही वर्षे वापरणे मला अधिक योग्य वाटते.