बातम्या फुकट मिळत असताना वृत्तपत्राची डिजिटल वर्गणी भरावी का? ग्रुपवर आलेली ई-पेपरची पीडीएफ वाचली तर काय बिघडतं?

मी गोव्यात फोंड्याला राहतो. मराठी पेपर कागदावर घेतो आणि एका इंग्रजी दैनिकाची ऑनलाइन वर्गणीही भरतो. तरी सगळ्यांनी भरावीच, असं मी म्हणणार नाही.

दिल्लीत कोण काय बोललं हे तुम्हाला दहा ठिकाणी फुकट कळतं, त्यासाठी खिशात हात घालायची गरज नाही. पैसे मोजायचे ते जिथे दुसरं कोणी जाऊन बसत नाही तिथल्या बातमीसाठी. आपल्याकडच्या नगरनियोजन कायद्याचंच बघा. २०२३ मध्ये त्यात कलम १७(२) आलं आणि प्रादेशिक आराखड्यातली 'चूक दुरुस्त' करायची म्हणून जमिनींचे झोन (शेती, वस्ती वगैरे) बदलू लागले. कुठल्या गावातला कुठला सर्व्हे नंबर, हे राजपत्रात छापून येतं. पण राजपत्र वाचतो कोण? बातमीदार ते चाळतो, गाव, क्षेत्रफळ, आधीचा झोन, नंतरचा झोन असं मांडतो, तेव्हा कुठे ग्रामसभेत उठून विचारायला हाती काही असतं. मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने या कलमाखालचे नियम रद्द केले. झोन बदलू देणाऱ्या याच कायद्यातल्या कलम ३९(अ) चा वादही झाला. त्या सुनावण्यांना पर्वरीच्या कोर्टात दिवसभर बसणाऱ्या माणसाला पगार कोणीतरी द्यावाच लागतो.

गंमत अशी, की हे काम करणारे आपले बहुतेक स्थानिक मराठी पेपर वेबवर फुकट आहेत. अंकाच्या किमतीत छपाईसुद्धा निघत नाही. बाकी भार जाहिरातींवर, आणि इथे जाहिरात देणार कोण? सरकार आणि बिल्डर. म्हणजे ज्यांच्यावर बातमी करायची तेच! म्हणून स्थानिक पेपर आवडत असेल तर आधी त्याचा अंक घरी लावा.

पेवॉल, म्हणजे पैसे भरल्याशिवाय बातमी उघडू न देणं, हाच एक मार्ग आहे असंही नाही. न्यूयॉर्क टाइम्सने २०११ मध्ये महिन्याला २० लेख मोफत ठेवून बाकीच्यांना पैसे लावले. ब्रिटनचा गार्डियन मात्र वेबसाइट खुली ठेवून वाचकांकडे ऐच्छिक मदत मागतो. आपल्याकडे न्यूजलॉन्ड्री ही बातम्यांची वेबसाइट जाहिराती न घेता वाचकांच्या पैशांवर चालते.

पीडीएफचं म्हणाल तर पैसे लावलेल्या ई-पेपरचा अख्खा अंक वाटणं कायद्यात बसत नाही. मे २०२० मध्ये दैनिक जागरणच्या दाव्यावर दिल्ली उच्च न्यायालयाने टेलिग्रामला असे चॅनल बंद करायला सांगितलं होतं. एखादी बातमी आवडली तर तिची लिंक पाठवा की.

वर्गणी भरणार असाल तर पहिल्या महिन्याच्या स्वस्त भावाला भुलू नका, पुढचा भाव आधी बघा. कार्डावरून आपोआप पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यायलाच हवी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम ऑक्टोबर २०२१ पासून लागू आहे. नको असेल तर तो मेसेज आल्याबरोबर रद्द करा.

परवडतच नसेल तर पणजीत पाटोला कृष्णदास शामा ग्रंथालय आहे. तिथे बसून पेपर फुकट वाचता येतात.