लाल बावट्याच्या सरकारवर कामगारच उठले?

प्रश्न : ताई, मी सुरगाण्याचा. २०१८ ला नाशिकच्या सीबीएस चौकातून मुंबईपर्यंत चालत गेलो, पायाला फोड आले पण हातातला लाल बावटा सोडला नाही. आमच्यासाठी तो गरिबाचा झेंडा. आता कॉलेजातली पोरगी म्हणते पोलंडमध्ये कामगारांनीच कम्युनिस्ट सरकार घालवलं. खरंय का?
– एक वाचक, सुरगाणा

उत्तर : दादा, पोरगी बरोबर सांगतेय. तुम्ही सरकारवर मोर्चा नेलात तेव्हा संघटना तुमची होती, पण तिथे कारखाना सरकारचा, सरकार पक्षाचं आणि युनियनही पक्षाचीच, मग माणसानं गाऱ्हाणं न्यायचं कुणाकडे? १९८० च्या जुलैत मांसाचे भाव वाढले आणि ठिकठिकाणी संप झाले. ऑगस्टमध्ये ग्दान्स्क या बंदरातल्या लेनिन शिपयार्डात, म्हणजे जहाजं बांधायच्या सरकारी कारखान्यात, आना वालेंटिनोविच या क्रेन चालवणाऱ्या बाईंना कामावरून काढलं, का तर त्या पक्षाबाहेरच्या युनियनचं काम करायच्या. रिटायर व्हायला फक्त ५ महिने राहिले होते हो त्यांचे! १४ तारखेला शिपयार्ड बंद. मागण्या २१, आणि पहिली मागणी पगाराची नव्हती, पक्षापासून स्वतंत्र युनियनची होती. मला हे फार मोठं वाटतं.

त्यातून सॉलिडॅरिटी ही स्वतंत्र युनियन उभी राहिली, साडेतीन कोटींच्या देशात १ कोटीच्या आसपास सभासद. १३ डिसेंबर १९८१ ला मार्शल लॉ म्हणजे लष्करी राजवट लागली, पुढारी आत, नंतर युनियनवर बंदी. पण देश कर्जात बुडालेला, दुकानांत माल नाही, आणि गोर्बाचेव्हचा रशिया आता रणगाडे पाठवणार नव्हता, म्हणून १९८९ च्या फेब्रुवारीत सरकार त्याच लोकांसोबत गोलमेजाला बसलं. ठरलं असं की संसदेच्या खालच्या सभागृहातल्या ४६० पैकी १६१ जागा कुणालाही लढवायला खुल्या, आणि सिनेटच्या, म्हणजे वरच्या सभागृहाच्या, सगळ्या १००. जूनच्या दोन फेऱ्यांत सॉलिडॅरिटीनं १६१ च्या १६१ घेतल्या, सिनेटच्या ९९. सप्टेंबरमध्ये सॉलिडॅरिटीच्या माझोव्हिएत्स्कींचं सरकार आलं, गोळी न झाडता.

पुढचं मात्र कडू आहे, पोरीला तेही सांगा. १९९० पासून बाजार एकदम मोकळा केला, महागाई भडकली, कारखाने बंद पडले, सरकारी शेतांवरचे मजूर उघड्यावर आले, आणि १९९६ मध्ये ते शिपयार्डच दिवाळखोरीत गेलं. चिडलेल्या लोकांनी १९९३ ला जुन्या कम्युनिस्टांच्याच आघाडीला निवडून दिलं आणि १९९७ ला मतानंच परत घरी बसवलं, यावेळी कुणाला तुरुंगात जावं लागलं नाही.