सांगलीच्या सोनाराने कान टोचल्यावर माझ्या आणि बहिणीच्या कानाच्या पाळीवर गाठ आली. हे आनुवंशिक असतं का? मुलीचे कान टोचावेत का?

हो, यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. सांगलीच्या ज्या सोनाराने तुमचे कान टोचले, त्याच्या तारेवर सगळं खापर फोडू नका. जखमेच्या कडा ओलांडून वाढणाऱ्या अशा वणाला कीलॉइड म्हणतात. जखम भरताना त्वचा कोलॅजन (त्वचेला बळकटी देणारं प्रथिन) बनवते, इथे ते बनणं वेळेवर थांबतच नाही. फुगलेला पण जखमेच्या हद्दीतच राहिलेला वण वेगळा, तो बहुधा हळूहळू बसतो.

काही घराण्यांत हा कल आई-वडिलांपैकी एकाकडे असला तरी मुलांत उतरू शकतो. पण कल आला म्हणजे गाठ येणारच असं नाही, म्हणून मधली एखादी पिढी सुटल्यासारखी वाटते. 2010 मध्ये जपानी संशोधकांना एनईडीडी4 या जनुकाजवळ याचा दुवा सापडला, तरी कारण एकाच जनुकात नाही. सावळ्या त्वचेत प्रमाण जास्त असतं आणि वयात येताना धोका वाढतो.

माझं स्पष्ट मत: मुलीचे कान टोचू नका. चापाची कानातली मिळतात. आजी-आत्या आग्रह करतील, तेव्हा त्यांना तुमच्या कानाची पाळी दाखवा!

आणि तुमची गाठ नुसती कापून घेऊ नका. तशी कापलेली गाठ बऱ्याचदा परत येते, कधी आधीपेक्षा मोठी. त्वचारोगतज्ज्ञ गाठीतच ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडचं इंजेक्शन काही आठवड्यांच्या अंतराने देतात, गाठ मऊ पडून बसू लागते. सांगली-मिरजेत त्वचारोगतज्ज्ञ आहेत, जाताना बहिणीलाही घेऊन जा.