आधी १९५७चा ‘३:१० टू युमा’ बघ
वेस्टर्नची, म्हणजे काउबॉय-बंदुकांच्या अमेरिकी सिनेमांची सुरुवात करतोयस ना, मग दिग्दर्शक डेल्मर डेव्हजचा कृष्णधवल ‘३:१० टू युमा’ आधी लाव; २००७चा रसेल क्रोवाला नंतर. गोळीबाराची वाट बघत बसू नकोस, खरी मजा हॉटेलच्या खोलीत आहे. हातात बेड्या, तरी ग्लेन फोर्डने केलेला दरोडेखोर बेन वेड पलंगावर ऐसपैस पसरलेला, जणू खोली त्यानेच घेतलीय! समोर बंदूक धरून घामाघूम झालेला व्हॅन हेफ्लिन, दुष्काळाने टेकीला आलेला गुरंवाला. वेडवर पहारा ठेवून त्याला ३:१०च्या युमा गाडीत बसवायचं, या कामाचे त्याला २०० डॉलर मिळणार. आपल्याला सोडावं म्हणून वेड गोडीगुलाबीने लाचेचा आकडा चढवत नेतो, आवाज मात्र फारसा चढवत नाही. तिथे हेफ्लिनचा चेहरा बघ. शेवट मला जरा ओढूनताणून आणलेला वाटतो. तुला पटतो का, सांग.