‘कास्टेड’ आणि विदीर्ण हृदय

प्रश्न असा आहे : ‘आय हॅव कास्टेड माय व्होट’ बरोबर की ‘आय हॅव कास्ट माय व्होट’? आणि इंग्रजी क्रियापदाचे तिसरे रूप करण्याचा नियम काय?

बरोबर आहे ते ‘कास्ट’. दर निवडणुकीला शाई लावलेल्या बोटाच्या फोटोखाली ‘कास्टेड’ वाचून डोके उठते. कट, पुट, हिट, सेट यांच्याच पंगतीतले हे क्रियापद. तिन्ही रूपे एकच. जुन्या इंग्रजीत ‘सेट’चा भूतकाळ ‘सेट्टे’ होता. प्रत्यय धातूच्या ट-मध्ये जिरला, पुढे शेवटचा स्वरही गळाला आणि रूप पुन्हा ‘सेट’वर आले. ‘कास्ट’ आले स्कँडिनेव्हियातल्या जुन्या नॉर्स भाषेतून, पण बसले याच पंगतीत. शेक्सपियरने पाचव्या हेन्रीच्या नाटकात ‘कास्टेड’ लिहिले आहे हा दाखला लगेच पुढे केला जातो. त्याच्या काळची इतर रूपे हे लोक वापरतात का? मग हे एकच का उचलायचे?

नियमित क्रियापदांना ‘इड’ लावायचे, हे शाळेत सगळेच शिकले. खरा खजिना आहे तो तथाकथित अनियमित रूपांत, त्यातही ‘टॉर्न’मध्ये.

शाळेत संस्कृत घेतलेल्यांना क.भू.धा.वि., म्हणजे कर्मणि भूतकालवाचक धातुसाधित विशेषण, आठवत असेल. गम्-गत, कृ-कृत, श्रु-श्रुत असा ‘त’ लागतो. पण पॄ-पूर्ण, भिद्-भिन्न, दॄ-दीर्ण इथे ‘न’ येतो. इंग्रजीतही हेच दोन प्रत्यय आहेत : ‘लव्ह्ड’चा ड आणि ‘ब्रोकन’, ‘वोव्हन’चा न. हा योगायोग नव्हे, दोन्हींचे मूळ एकाच आद्य भाषेत आहे. आता ‘दॄ’ म्हणजे फाडणे. संस्कृतातल्या द-च्या जागी इंग्रजीत ट येतो : दश-टेन, द्वि-टू. तसेच दॄ-टेअर. म्हणजे हृदय विदीर्ण झाले असे आपण लिहितो त्यातले ‘दीर्ण’ आणि इंग्रजांचे ‘टॉर्न’ एकाच धातूची, एकाच घडणीची रूपे आहेत! तसेच ‘फुल’ म्हणजे ‘पूर्ण’ : प-चा फ झाला आणि न शेजारच्या ल-मध्ये मिसळला. आणि ‘लाउड’? जुन्या इंग्रजीत ते ‘ह्लूड’ होते. शत-हंड्रेड या जोडीत श-समोर ह आहे, तसाच इथेही. ‘श्रुत’चेच ते भावंड, मूळ अर्थ ‘ऐकू आलेले’.

यावर वैयाकरण मंडळी सूत्र काढतात : ‘रदाभ्यां निष्ठातो नः पूर्वस्य च दः’. र किंवा द यांच्यापुढे त-चा न होतो, तेव्हा न हा स्वतंत्र प्रत्ययच नाही, असे त्यांचे म्हणणे. मला हे साफ अमान्य आहे. मग ‘भग्न’, ‘मग्न’ यांत र कुठे आणि द कुठे? त्यांच्यासाठी पाणिनीला ‘ओदितश्च’ हे वेगळे सूत्र करावे लागले, ‘लून’साठी (म्हणजे कापलेले) आणखी एक. रूपे सिद्ध करायला ती सूत्रे चोख आहेत, पण त्यांवरून शब्दाचा इतिहास ठरत नाही. न मुळातच वेगळा होता, याची साक्ष ‘टॉर्न’ देतो. इंग्रजी व्याकरणवाल्यांचीही एक चूक सांगतो. ‘इड’चे मूळ ते ‘डिड’मध्ये शोधतात. भूतकाळापुरते ते मान्य. पण तिसऱ्या रूपातला ड हा आपल्या ‘श्रुत’मधला त आहे, त्याचा ‘डिड’शी काडीचा संबंध नाही. यावरून इंग्रजी संस्कृतातून निघाली असे मात्र कोणी म्हणू नये. त्या एकाच घराण्यातल्या बहिणी आहेत, मायलेकी नव्हेत.

इंग्रजीत काही धातूंचा हा न क्रियापदातून गेला, पण विशेषणात टिकला. म्हणून बर्फाला ‘हॅज मेल्टेड’ म्हणायचे, आणि भट्टीतल्या वितळलेल्या लोखंडाला ‘मोल्टन आयर्न’.