बेळगाव सोडून कोल्हापूरला जावं का?

पत्र: ताई नमस्कार. मी बेळगावचा, वय 41, उद्यमबागेत छोटं मशीन शॉप आहे, चार कामगार. मिसेस गडहिंग्लजची, मुलगी सातवीत, मराठी शाळेत. वडील पहिल्यापासून महाराष्ट्र एकीकरण समितीचे, 1986 ला कन्नडसक्तीच्या आंदोलनात हिंडलगा जेलमध्ये जाऊन आलेले. मागच्या वर्षी आमच्या शॉपच्या बोर्डाला काही पोरांनी काळं फासलं, कारण काय तर मराठी अक्षरं मोठी होती. मी स्वतः शिडी लावून बोर्ड परत रंगवला, बाबा खाली शिडी धरून उभे होते, म्हणाले मराठी पुसू नको, बारीक कर. तेव्हापासून माझं मन इथून उडालंय. मिसेसनी तर कधीच ठरवलंय, एका सरकारी ऑफिसात कन्नड येत नाही म्हणून तिला सगळ्यांसमोर बोलले. कोल्हापुरात शिरोलीला गाळा मिळतोय, घर विकून जावं म्हणतोय. पण बाबांना हे एजंटकडून कळलं आणि त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलंय. एकच वाक्य बोलले, सगळी मराठी माणसं अशी निघून गेली तर आम्ही मार कशासाठी खाल्ला? ताई, राज्य बदलावं का? – एक सीमावासी

उत्तर:

दादा, पहिली गोष्ट म्हणजे एजंटकडून कळलं हे वाईटच झालं. तुम्ही जायचं ठरवलं म्हणून बाबा रागावलेत असं तुम्हाला वाटतंय, मला तसं वाटत नाही, ज्या माणसाने शिडी धरली त्याला घर विकायची बातमी तिऱ्हाईताच्या तोंडून ऐकावी लागली, याचा तो राग आहे. राज्यबिज्य नंतर, आधी आज रात्री जेवण झालं की त्यांच्यासमोर बसा आणि एजंटला मी बोलावलं होतं, तुम्हाला आधी सांगायला हवं होतं, एवढं बोला. लगेच उत्तर मिळायची अपेक्षा धरू नका.

आता तुमचा प्रश्न. माझं माहेर चंदगड तालुक्यातलं, म्हणजे आमचा बाजार बेळगावचा, लग्नाचा बस्ता बेळगावचा, आजी आजारी पडली तर दवाखाना पण बेळगावचाच, कारण कोल्हापूर आम्हाला लांब पडतं. त्यामुळे बेळगाव मला परकं नाही आणि तिथलं दुखणं पण नाही. 1 नोव्हेंबर 1956 ला मुंबई राज्यातलं बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात गेलं, तेव्हापासून त्याच तारखेला शहराच्या एका भागात कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक आणि दुसऱ्या भागात मराठी माणसांचा निषेधाचा काळा दिवस, हे बघत तुमच्या तीन पिढ्या मोठ्या झाल्या. सीमाप्रश्नासाठी नेमलेल्या महाजन आयोगाने 1967 ला बेळगाव तिकडेच ठेवा म्हणून सांगितलं, महाराष्ट्राने तो अहवाल फेटाळला, 2004 ला महाराष्ट्र सुप्रीम कोर्टात गेला आणि तिथे अजून तारखा चालू आहेत. 2022 च्या डिसेंबरमध्ये तर पाच-सहा दिवसांच्या अंतराने दोन्ही विधानसभांनी ठराव केले, त्यांचा एक, आपला एक, आपल्या ठरावात 865 गावं महाराष्ट्रात यावीत म्हणून. हे सगळं तुमच्या बाबांना माझ्यापेक्षा जास्त पाठ असेल. मी फक्त एवढ्यासाठी सांगतेय की निकाल लागेल मग बघू, या हिशोबावर घराचा निर्णय टांगून ठेवायचा नाही. निकाल लागेपर्यंत तुमची मुलगी शाळा, कॉलेज सगळं करून मोकळी झालेली असेल.

बाबांचं वाक्य मी दोनदा वाचलं, आम्ही मार कशासाठी खाल्ला. याला उत्तर नाही माझ्याकडे आणि तुम्ही पण शोधत बसू नका. पण ते जेलमध्ये गेले ते स्वतःच्या मनाने गेले ना, त्यांच्या वडिलांनी ढकललं नव्हतं. (बहुतेक घरात तर उलट होतं, पोरगं आंदोलनात जाईल म्हणून आईबाप दार लावून बसायचे.) जो हक्क त्यांनी वापरला तोच तुम्हाला आहे. मराठीचं एक मत कमी होईल, एक घर कमी होईल हे खरं आहे, पण 2018 ला आणि 2023 ला समितीचा एकही आमदार निवडून आला नाही तो काही लोक गाव सोडून गेले म्हणून नाही, मराठी मतं तिथेच होती, ती वाटली गेली. ते ओझं तुमच्या एका घराच्या दारावर टाकायचं कारण नाही. कुणी कुठे राहायचं हा ज्याचा त्याचा प्रश्न, झेंड्याच्या काठीसारखं एका जागी रोवून राहायचं बंधन तुमच्यावर नाही.

पण म्हणून लगेच ट्रक बोलवा असंही मी म्हणत नाही. मला विचाराल तर या वर्षी जाऊ नका, आणि घर तर अजिबात विकू नका.

कारण तुमच्या पत्रात मला भीती दिसली नाही, अपमान दिसला. दोन्हीत फरक आहे. जिवाला धोका असता, मुलीला शाळेत जायची भीती वाटत असती, तर मी म्हटलं असतं, उद्या निघा, सल्ला मागत बसू नका. अपमान रोज थोडा थोडा खातो हे मला मान्य आहे, पण अपमानाच्या तिरमिरीत विकलेलं घर परत मिळत नाही, आणि टिळकवाडी-अनगोळ-शहापूरकडे आज विकलेली जागा पाच वर्षांनी घ्यायला गेलात तर काय भाव सांगतील ते तुम्हीच मला सांगा.

बोर्डाचं म्हणाल तर ते आधी नीट करून घ्या. कर्नाटकाचा 2024 चा कायदा आहे की बोर्डावर 60 टक्के कन्नड पाहिजे आणि ते वरच्या बाजूला. म्हणजे खालच्या 40 टक्क्यात मराठी लिहायला कुणाची बंदी नाही. चांगल्या पेंटरकडून टेप लावून मोजून लिहून घ्या, फोटो काढून ठेवा, परत कुणी हात लावला तर पोलिसात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. तक्रारीने काय होणार म्हणाल, लगेच काही होणार नाही, पण मागच्या वेळी तुम्ही गप्प बसलात आणि तेच तुम्हाला आतून लागलंय असं मला पत्रातून वाटलं. बाबांनी सांगितलं बारीक कर पण पुसू नको, त्यांना हा व्यवहार तुमच्या आधी कळलाय बघा.

आता शिरोलीचा गाळा. तुम्ही धंदेवाले आहात म्हणून सरळ विचारते, तुमची कामं कुठून येतात? निम्मी हुबळी-धारवाड-बेंगळूरकडून येत असतील तर कोल्हापुरात बसून ती टिकतील का? चार कामगारांपैकी किती जण तुमच्यामागे येतील? त्यात दोघं बैलहोंगल-गोकाककडचे असतील तर ते येणारच नाहीत, आणि बोर्डाला काळं फासलं त्या दिवशी ते कुठे होते, त्यांना काय वाटलं, हे तुम्ही लिहिलेलं नाही, मला तरी ते वाचायला आवडलं असतं. कागदाचं पण ऐका. जीएसटी नंबर राज्य बदललं की तुमच्याबरोबर येत नाही, तुमचा 29 ने सुरू होतो, महाराष्ट्रात 27 चा नवीन काढायचा, जुना बंद करायचा, शिल्लक क्रेडिटचं काय ते सीएला आत्ताच विचारा. केए 22 च्या गाडीला एनओसी आणून बारा महिन्यांच्या आत एमएच 09 करायचं, इकडचा रोड टॅक्स भरायचा आणि तिकडचा परत मागायला हेलपाटे घालायचे. वहिनींना तिकडे बसप्रवास फुकट मिळत असेल, इकडे एसटीला अर्धं तिकीट, तेव्हा या बाबतीत तरी मराठी राज्यात येऊन तोटाच आहे, हसू नका, महिन्याचं बजेट आहे ते.

मधला एक रस्ता आहे तो तुम्ही पत्रात लिहिलाच नाही, शिनोळी. बेळगावातून बाईकवर अर्ध्या-पाऊण तासात महाराष्ट्र. तिकडच्या औद्योगिक वसाहतीत बेळगावची माणसं रोज कामाला जाऊन येतात. एखादा गाळा भाड्याने घ्या, एक-दोन मशीन तिकडे हलवा, वर्षभर चालवून बघा. रोज संध्याकाळी घर बेळगावातच. वर्षभराने धंदा तिकडे जमला तर कोल्हापूरचं बघा, नाही जमलं तर नुकसान झेपण्यासारखं असेल.

मुलीबद्दल मात्र घाई पण नको आणि चालढकल पण नको. ती सातवीत आहे, तुमच्याकडे ठरवायला दहावीपर्यंतचा वेळ आहे. कर्नाटकात सीईटीसाठी तिथल्या शाळेत सात वर्षं शिकलेलं आणि दहावी किंवा बारावी तिथली लागते. महाराष्ट्रात इंजिनिअरिंगसारख्या प्रवेशांना वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी वेगळी सोय आहे, त्या 865 गावांतल्या शाळा-कॉलेजातून पास झालेल्यांना. म्हणजे दहावी-बारावी बेळगावातच केली तर तिला दोन्हीकडची दारं उघडी राहतात. आत्ताच कोल्हापूरला नेलं आणि दहावी-बारावी दोन्ही इकडून झाली तर ती इकडची, ते पण चालेल. दहावी तिकडे आणि बारावी इकडे असं करायचं असेल, तर दोन्हीकडच्या नियमात ती कुठे बसते ते आधी बघून घ्या. माहितीपुस्तिका डाउनलोड करून स्वतः वाचा, शेजाऱ्याच्या पोराला काय मिळालं त्यावर जाऊ नका. आणि तुम्ही मराठा असाल तर कर्नाटकात मागासवर्गाच्या 3बी गटात आहात, तो दाखला इकडे चालत नाही, इकडच्या एसईबीसीसाठी, म्हणजे मराठा आरक्षणासाठी, इकडचे जुने पुरावे मागतात, ते पण लक्षात असू द्या.

एक गोष्ट सांगू का, रागावू नका. कोल्हापुरात तुम्हाला कुणी भाषेवरून हटकणार नाही हे खरं आहे. पण तुमची पोर पहिल्या दिवशी वर्गात बेळगावी ढंगात बोलली की पोरं फिदीफिदी हसतील, ती तिकडची बेळगावची म्हणूनच ओळखली जाईल, काही वर्षं तरी. त्यात मोठं काही नाही, मुलं सावरतात, फक्त महाराष्ट्रात गेलो की सगळं आपलं, अशा समजुतीने जाऊ नका. आणि मागे तिकडे आपल्या गाड्या फोडल्या तेव्हा इकडे पुण्यात त्यांच्या बसला काळं फासलं, तो ड्रायव्हर पण कुणाचा तरी बाबाच होता. सोलापूर-अक्कलकोट-जतला घरात कन्नड बोलणारी कितीतरी माणसं आहेत, त्यांनी कुठे जायचं मग?

आता खरं बोलायचं ते बोलते. एवढ्या पत्रात वहिनींबद्दल दोनच वाक्यं आहेत. बाबांचा लढा, तुमचा बोर्ड, शिरोलीचा गाळा, सगळं आलं. गडहिंग्लजची मुलगी लग्न करून बेळगावात आली, मुलगी आता सातवीत म्हणजे लग्नाला बारा-तेरा वर्षं तरी झाली असतील, आणि इतक्या वर्षांत तिला ऑफिसात चार वाक्यं बोलण्याइतकं कन्नड घरात कुणी शिकवलं नाही? तुम्हाला येतं, बाबांना तर येतंच असणार, त्या पिढीची बेळगावची माणसं बाजारात मिरच्यांचा भाव कन्नडमध्ये घासाघीस करून करतात आणि संध्याकाळी सक्तीविरोधी सभेला जातात, त्यांना यात काही विसंगत वाटत नाही आणि नाहीच आहे. विरोध सक्तीला होता. पण तुमच्या घरात बाहेरची सगळी कामं तुम्ही करत आलात, आणि ज्या दिवशी त्या एकट्या गेल्या त्या दिवशी ऐकून आल्या. त्या खिडकीतल्या माणसाचं वागणं चूकच, त्याची वकिली मी करत नाही, भाषिक अल्पसंख्याकांना काही हक्क आहेत आणि मराठीत कागद द्या ही मागणी रास्तच आहे. मात्र तुम्ही त्यांना त्या रांगेत एकटं पाठवलंत आणि घरी आल्यावर त्यांचं दुखणं उचलून थेट सीमाप्रश्नाला नेऊन जोडलंत. त्यांना कदाचित महाराष्ट्र नको असेल, गडहिंग्लज जवळ हवं असेल. कदाचित सासऱ्यांच्या सभा-मोर्च्यांपासून वेगळं, स्वतःचं घर हवं असेल. कदाचित खरंच राज्यच बदलायचं असेल. तुम्ही विचारलंय का कधी, बाबांचं आणि बोर्डाचं नाव न काढता?

त्या दुसरं काही सांगतील तर उपाय पण दुसरा निघेल, बेळगावातच वेगळं बिऱ्हाड करण्यापासून ते शिनोळीपर्यंत. आणि त्या ठाम म्हणाल्या की नाही, मला इथून जायचंच आहे, तर पुढच्या जूनला शाळा सुरू व्हायच्या आधी जा, कोल्हापुरात घर भाड्याने घ्या, अकरा महिन्यांचा करार करा, बेळगावचं घर बाबांच्या ताब्यात ठेवा. ते येणार नाहीत, त्यांना ओढू पण नका, शनिवार-रविवारी तुम्ही जात जा, हायवेने दोन-अडीच तासांचा रस्ता आहे. त्यांना सांगताना मात्र कन्नडवाल्यांनी हाकललं म्हणून जातोय असं सांगू नका, कारण तसं म्हटलं की ते हरल्यासारखं होतं त्यांच्यासाठी. धंद्यासाठी जात असाल तर धंद्यासाठी सांगा, बायकोसाठी जात असाल तर बायकोसाठी सांगा, ज्याने जेल बघितलंय त्याला खरं कारण झेपेल.

आणि पुढचं पत्र तुम्ही लिहू नका. वहिनींना लिहू द्या, तुम्ही वाचू पण नका.