लॉकडाऊन उठल्यावर रोजचं जगणं कितपत बदलेल?

हे जून २०२० मध्ये लिहितोय. तुम्ही विचारलंय, कोरोनाचा लॉकडाऊन सैल झाल्यावर रोजच्या जगण्यात काय बदलेल आणि त्यातलं टिकेल किती. मी कोल्हापुरात, शिवाजी पेठेत किराणा दुकान चालवतो. मार्चपासून सगळं बंद असताना आमचं शटर मात्र उघडं होतं, त्यामुळं गेले तीन महिने काउंटरच्या अलीकडून माणसं बघतोय. मला वाटतं, ज्या सवयीनं पैसा किंवा हेलपाटा वाचला ती राहील. ज्या सवयीपायी माणूस लांब ठेवावा लागतो, ती आमच्याकडं फार दिवस चालायची नाही.

क्यूआर कोडचा स्टिकर काउंटरवर वर्षभर धूळ खात पडला होता. आता दिवसभर मोबाइल वाजतोय. पलीकडच्या गल्लीतल्या एक आजी व्हॉट्सॲपवर आवाजातच यादी पाठवतात, "अर्धा किलो पोहे, पावशेर शेंगदाणं, आणि गूळ मागच्यासारखा चिकट दिलास तर परत पाठवीन. गुळाच्या गावात राहतोस की कुठं?" पोरगा सामान पोचवून येतो. जिना उतरायचा त्रास वाचला, आता त्या आजी परत पिशवी घेऊन कशाला येतील?

उधारीची वही मात्र मोबाइलनं संपवली नाही, उलट जाड झाली. उद्यमनगरात लेथवर काम करणारी, वडापवर, म्हणजे सीटमागं पैसे घेऊन गाडी चालवणारी, कधी उधार न नेलेली माणसं आता वहीत आहेत. ती उधारी फोनवरच मागतात आणि सामान न्यायला बायकोला नाहीतर पोराला पाठवतात. दुकानं उघडली म्हणून हे लगेच फिटणार नाही. बाजार सुरू झाला असं बातम्यांत दिसेल, पण खरेदीत हात आखडता राहील. आतासुद्धा लोक बिस्किटाचा मोठा पुडा खाली ठेवून पाच रुपयांचा उचलतात.

दुकानासमोर आम्ही ऑइल पेंटनं गोल काढलेत. पहिले पंधरा दिवस लोक शाळेतल्यासारखे त्यात उभे राहिले. आता दोन मित्र भेटले की एकाच गोलात! मास्क हनुवटीवर. ओरडलो तर म्हणतात, "अहो, आपलाच माणूस हाय." ह्याच वाक्याची मला भीती वाटते, कारण रोग आपल्या माणसाकडनंच येतो. पण त्यांना तरी किती बोलणार? गेल्या ऑगस्टात, २०१९ च्या महापुरात, पंचगंगेचं पाणी सुतारवाडा, दुधाळीत शिरलं तेव्हा ज्याचं घर कोरडं त्यानं दार उघडलं. आमच्या माडीवर सात माणसं आठ दिवस होती. वर्षाच्या आत त्याच माणसांना सांगायचं, की दार लावून घ्या. मुंबई-पुण्याहून आलेल्यांना गावच्या शाळेत चौदा दिवस ठेवताना भावकीतलीच माणसं लांबून बघत होती. शाळा रिकाम्या होतील, पण ते बघणं काही जण विसरणार नाहीत.

लग्नाचं विचाराल, तर पन्नास माणसांत उरकल्यावर मुलीचा बाप आत्ता सुटकेचा श्वास सोडतोय. तरी दोन हंगाम जाऊ देत, मांडव परत मोठे होतील. ज्याला बोलावलं नाही तो वर्षभर टोमणे मारतो, आणि त्यापेक्षा पंगत स्वस्त पडते. अंबाबाईचं देऊळ बंद आहे, लोक महाद्वारातूनच हात जोडून कामाला जातात. उघडलं की गर्दी होणारच. तालमीत तर अंतर पाळून डाव टाकता येत नाही, तिथं पोरांना अजून थांबावं लागेल. आणि केशकर्तनालयं उघडेपर्यंत निम्मी पेठ बुवा झालेली असेल, मीसुद्धा.

मला स्वतःला आठवण येते ती गंगावेशीतल्या संध्याकाळच्या दुधाची. म्हैस समोर उभी, धार थेट ग्लासात, वर चार बोटं फेस. पिऊन झालं की ग्लास बादलीतल्या पाण्यात बुचकळायचा आणि पुढच्याच्या हातात द्यायचा. ती बादली आता कुणाच्याच डोळ्यासमोरून जाणार नाही. इतकी वर्षं आम्ही तिच्याकडं बघितलंच नव्हतं. परवा आमच्या गवळ्याला फोन केला, म्हटलं सुरू केलंस की मी घरचा ग्लास घेऊन येणार.

"आणा की," म्हणाला, "पण मापात आणा. तुमच्या घरचा ग्लास तांब्याएवढा असतोय."